आधी ऊन मोजायचं

६ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आलं त्या सकाळी मी शिडीवर होतो. औषधांच्या दुकानावर छत बांधत होतो. डाव्या टोकाची कडी बसली होती, उजवी हातात होती. पोस्टमनने खालून हाक मारली, "छतवाले, कार्ड आहे! अक्षर बघा, पट्टीने आखल्यासारखं." मी वरूनच हात खाली केला, कार्ड घेतलं, अक्षर ओळखलं आणि न वाचता खिशात घातलं. मग उजवी कडी बसवली, दोरी ताणली, छत तीनदा उघडून मिटून पाहिलं, दुकानदाराला दाखवलं, शिडी आवरली. एकोणीस वर्षं गेली, आणखी अर्ध्या तासाने काय बिघडतं, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे वाचायची छाती होत नव्हती.

शेवटी समुद्राच्या कठड्यावर बसून वाचलं. तीनच ओळी. "मुलीला तुमच्या शहरात हवामान खात्यात नोकरी लागते आहे, मार्चअखेर रुजू व्हायचं. शहर राहण्याजोगं आहे का? गुण आणि दोष दोन्ही लिही, आणि खरे लिही." खाली सही. सहीच्या वर आशीर्वादापुरती जागा होती, ती तशीच सोडली आहेस. असू दे. जागा सोडलीस, हेही काही कमी नाही.

फोन करावा असं क्षणभर वाटलं. पण आपण दोघं फोनवर बोललो तर पहिल्याच मिनिटाला भांडू आणि दुसऱ्या मिनिटाला ठेवून देऊ. कागदावर माणूस निदान वाक्य संपेपर्यंत तरी शांत राहतो.

मुलीला वाचून दाखवशील म्हणून माझं काम आधी सांगतो. दुकानं, हॉटेलं, घरांच्या गॅलऱ्या यांच्यासाठी मी कापडी छत शिवतो आणि बांधतो. तिचा काका सावली विकतो, असं तिला सांग. ज्या गावात सावलीला गिऱ्हाईक आहे, त्या गावात ऊन किती असेल याचा हिशेब ती हवामानवाली आपली आपण करील.

आता गुण. दादा, इथला उजेड मला अजूनही पुरता सांगता येत नाही. आपल्या गावात डोंगर असा उरावर बसलेला की सूर्य दहाला यायचा आणि चारला कामावरून सुटल्यासारखा निघून जायचा. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आठवतो? त्यातल्या समुद्रावर ओल येऊन बुरशीची बेटं उगवली होती, आणि गुरुजी पट्टीने दाखवून विचारायचे, "हे कोणतं बेट?" मी त्यातल्या दोन बेटांची नावंसुद्धा पाठ केली होती. इथे आलो तेव्हा पहिले आठ दिवस मी रोज सकाळी या कठड्यावर उभा राहायचो. सूर्य वर आला की पाण्याचा रंग हळूहळू बदलत जातो, आधी राखेसारखा, मग कच्च्या पेरूसारखा, मग असा निळा की डोळे भरून येतात. देवाने एवढी मोठी गोष्ट रोज पुन्हा नव्याने मांडावी आणि कुणाकडून तिकीट घेऊ नये, याचं मला नवल वाटायचं. अजून वाटतं. कामाला सुरुवात करायच्या आधी मी तिथेच एकदा हात जोडतो. ज्याच्या उन्हावर पोट भरतं त्याला विसरून कसं चालेल?

इथे धुतलेला सदरा तासाभरात वाळतो. वर्षाचे तीनशे दिवस आकाश स्वच्छ असतं. माणसं घरात बसत नाहीत. संध्याकाळी अख्खं शहर कठड्यावर येऊन बसतं, आजारी माणूससुद्धा, त्याला खुर्चीसकट उचलून आणतात. ओळख नसली तरी शेजारी बसलेला विचारतो, "आज पाणी कसं होतं?" जणू पाणी त्याच्या घरचं. माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त बोटवाले राहतात, ऐंशीच्या पुढचे. रोज पहाटे पोहतात. मी एकदा म्हटलं, "आजोबा, आता जपा जरा." तर म्हणाले, "जपूनच पोहतो. बुडालो की तुला आधी कळवीन."

इथे रडवेली माणसं कमी. उजेडात फार वेळ तोंड पाडून बसता येत नाही, आपल्यालाच लाज वाटते.

मुलीला हे शहर आवडेल. खात्रीने लिहितो.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "हे तर जाहिरातवाल्याने लिहिल्यासारखं झालं. आईलाही असंच लिहिलं होतंस. दोष लिही. आणि तुझी वहिनी विचारते, मुलगी राहणार कुणाकडे?"

वाचून वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण तू सुतार, रंधा मारायची तुझी सवय जुनी. जिथे गाठ असेल तिथेच बरोबर मारतोस.

तर दोष.

पहिला दोष खारी हवा. ती इथल्या लोखंडाला खाते. कुलपं अडकतात, बिजागऱ्या ओरडतात, सायकलची साखळी दोन पावसाळेही पाहत नाही. माझ्या मशीनला मी रोज संध्याकाळी तेलाने पुसतो, तान्ह्या मुलासारखं. एक दिवस विसरलो तर सकाळी सुईच्या दांड्यावर तांबूस डाग. इथल्या माणसांनी लग्नात भांडी देऊ नयेत, तेलाची कुपी द्यावी, असं आमचे वस्ताद म्हणायचे.

दुसरा दोष घाम. पंख्याखाली बसूनही येतो. पहिल्या उन्हाळ्यात वाटलं, मी मेणाचा आहे की काय.

तिसरा म्हणजे सुट्टीत येणारी माणसं. वर्षातले तीन महिने हे शहर आमचं राहत नाही. रस्ता ओलांडायला लहान मुलासारखं कुणाचा तरी हात धरून उभं राहावं लागतं. खोल्या महाग होतात, भाजी महाग होते आणि समुद्र पाहायला आलेला माणूस समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतो. पण त्यांच्याच हॉटेलांना छतं लागतात. ज्याचं खावं त्याला नावं ठेवू नयेत.

चौथा दोष असा की नळाचं पाणी खारट. चहाची चव आठवड्याभराने कळेनाशी होते, मग गावी गेल्यावर गावचा चहा अळणी लागतो.

पाचवा दोष माझ्या धंद्याच्या बाहेरचं कुणी सांगणार नाही. इथे सगळं विटतं. पाट्या, पडदे, पुस्तकांच्या पाठी, दारांचा रंग. लाल कापड दोन वर्षांत गुलाबी होतं, चौथ्या वर्षी आपण लाल होतो हे ते स्वतःच विसरतं. आणि दादा, माणसांचंही तसंच होतं. इथे दुःख टिकत नाही, हा या शहराचा मोठा गुण. पण खंतही टिकत नाही. एखादी गोष्ट मनात गडद असते, रोज थोडं ऊन लागतं, आणि एक दिवस पाहावं तर ती इतकी फिकी झालेली असते की आपण काही केलंच नव्हतं असं वाटायला लागतं. हा दोष शहराचा की माणसाचा, मला सांगता येत नाही.

आईचा विषय वेगळा. तिला नाही मानवलं. उतारवयात माणसाला जागा बदलणं जड जातं.

मुलीच्या राहण्याचं म्हणशील तर बंदराच्या वरच्या रस्त्याला नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृह आहे. मी स्वतः जाऊन पाहून आलो. स्वच्छ आहे. खोल्या पूर्वेला आहेत, म्हणजे दुपारी गार. बाई शिस्तीच्या आहेत, मलाच तीनदा विचारलं, "तुमचं काय काम?" तिथे नाव नोंदवून ठेवू का, ते कळव.

तुझा,
धाकटा


२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही आलं. बारा दिवस झाले. मुलीचं रुजू व्हायचं पत्र महिनाअखेरपर्यंतचं आहे, म्हणजे तुमच्या घरात रोज हाच विषय निघत असणार, आणि वहिनी रोज तेच म्हणत असणार, हे मी इथे बसून ऐकू शकतो.

मागचं पत्र टाकून मी घरी आलो तेव्हा ही सुया ओवून ठेवत होती. मला आता जवळचं दिसत नाही, म्हणून रोज सकाळी ती माझ्यासाठी दहा दाभणं ओवून ठेवते. तिने विचारलं, "मुलीच्या राहण्याचं काय लिहिलंत?"

"वसतिगृहाचं लिहिलं."

"बरं केलंत. माझ्या घरात कोण आपली मुलगी पाठवेल?"

बस, एवढंच. आवाज चढला नाही, सुई थांबली नाही. बाजारात आज मेथी नव्हती, असं सांगावं तसं. मला वाटतं, रागाने म्हणाली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो.

त्या रविवारी मी कामावर गेलो नाही. का ते कळायला माझी कामाची पद्धत सांगावी लागेल. आमच्या वस्तादांचा पहिला नियम, आधी ऊन मोजायचं, मग कापड. गिऱ्हाईक कितीही घाई करो, आम्ही टेप काढत नाही. ज्या जागी माणूस बसतो त्या जागी एक पूर्ण दिवस बसतो आणि दर अर्ध्या तासाला उन्हाची कड जिथे येईल तिथे जमिनीवर खडूने रेघ मारतो. समुद्राकाठी हे फार गरजेचं, कारण इथे ऊन दोनदा येतं. एकदा वरून आणि एकदा खालून, पाण्यावर आपटून. वरचं ऊन कुणालाही दिसतं. खालचं ऊन फक्त त्या जागी बसलेल्याला लागतं. नवशिके इथेच फसतात, डोक्यावर मोठं छत देतात आणि समोरची झालर आखूड ठेवतात. मी आजवर शेकडो दुकानांत असा बसलोय. न्हाव्याच्या खुर्चीत बसलोय, घड्याळजीच्या स्टुलावर बसलोय, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत दिवसभर आडवा होतो आणि त्याने मध्येच माझी एक दाढ काढली.

माझ्या घरी मात्र मी कधी बसलो नव्हतो.

तू आईसाठी केलेली ती वेताची खुर्ची अजून आमच्या पश्चिमेच्या खिडकीपाशी आहे. आई गावी परत गेली तेव्हा ती गाडीत मावली नाही, म्हणून राहिली. हिने ती एकोणीस वर्षांत हलवू दिली नाही. केर काढते, चारी पाय उचलून पुसते, पुन्हा त्याच चार खुणांवर ठेवते. रविवारी मी खडू घेऊन तिच्यात बसायला गेलो तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. खुर्चीचे हात, बैठक, पुढची बाजू तू दिलेल्या रंगाचीच आहे, काळसर. पाठ पांढरी पडली आहे, वाळक्या हाडासारखी. म्हणजे खुर्चीचं तोंड भिंतीकडे होतं. मी तुला लिहिलं होतं, "आई दिवसभर समुद्र बघत बसते." आई दिवसभर भिंत बघत बसायची, दादा. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते. तिचं सगळं आयुष्य आपल्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात आणि धुक्यात गेलेलं.

मी खुर्ची समुद्राकडे फिरवली आणि बसलो. साडेबाराला उन्हाची कड खिडकीतून आत जमिनीवर आली, पहिली रेघ मारली; दोन वाजेपर्यंत ठीक होतं. अडीचला कड पायांवर आली, मी रेघ मारली. तीनला गुडघ्यांवर, रेघ मारली. सव्वातीनला खालचं ऊन आलं. पाण्यावरून सरळ डोळ्यांत. दादा, मी रोज उन्हात काम करणारा माणूस, मला चार मिनिटं डोळे उघडे ठेवता आले नाहीत. खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं तर समोरची भिंत पांढरी, तीही पेटल्यासारखी. साडेपाचपर्यंत असंच. एकूण अकरा रेघा. आईने असे दोन महिने काढले.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता एवढ्या वर्षांनी काय मोजताय?"

मी म्हटलं, "ती बसायची कशी इथे?"

"मी इस्त्री करायचे ना."

मला आधी कळलंच नाही. तुला आठवत असेल, तेव्हा ही हॉटेलांच्या टेबलांचे रुमाल इस्त्रीला आणायची. एरवी पहाटे करायची, गारव्यात. आई आली तेव्हापासून भर दुपारी, खिडकीसमोर उभी राहून करायला लागली. मी तिला बोललो होतो, "अक्कल गहाण टाकलीस का? तीन वाजता इस्त्री कोण करतं?" ती पुढचा रुमाल पसरत राहिली होती.

"माझी सावली त्यांच्यावर आणि त्यांच्या समोरच्या भिंतीवर पडायची," ही म्हणाली. "सूर्य सरकला की मी टेबल सरकवायचे. त्यांना कळलं होतं. एकदा म्हणाल्या, 'पोरी, बस आता, पाठ भाजली असेल तुझी.' मी म्हटलं, 'आई, माझी पाठ गावची आहे, भाजायला वेळ लागतो.' किती हसल्या होत्या."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही छतवाले. तुम्हाला ऊन मी सांगायचं?"

आता जे लिहायचं ते लिहितो. वहिनींसमोर मोठ्याने वाच, ही विनंती.

आईने तिच्या गोधडीला दोन दोऱ्या बांधून ती त्या खिडकीवर टांगली होती. मला आवडलं नव्हतं, पण बोललो नव्हतो. मग एक दिवस एक हॉटेलवाला कापडाचे नमुने पाहायला घरी आला. माझं तेव्हाचं सगळ्यात मोठं काम. त्याने खिडकीकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "काय हो, गावाला छतं विकता आणि घरात गोधडी?" मीही हसलो. पण ते मनात राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी ती गोधडी ओढून काढली. दोरी तुटली. आई खुर्चीत होती. मी म्हटलं, "या उजेडासाठी लोक पैसे मोजतात, आई. तुला अंधारातच बसायचं होतं तर गाव काय वाईट होतं?"

ती उठली. गोधडी उचलून घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, नेहमीसारखी. चौथ्या दिवशी म्हणाली, "मला घरी पोहोचव."

तुम्हाला तिने एवढंच सांगितलं, "मला नाही मानवलं तिथे." मुलाचं नाव काढलं नाही. मग गावाने आपल्या परीने अर्थ लावला, सुनेने हाकललं. तू मला पत्र टाकून विचारलंस, "सूनबाई काही म्हणाली का?" त्याला मी काय उत्तर दिलं ते तुझ्याकडे असेल, नसेल, मला पाठ आहे. "बायका-बायकांत काय झालं ते मला ठाऊक नाही."

दादा, मला ठाऊक होतं. मला एकट्यालाच ठाऊक होतं.

त्या एका ओळीच्या आडोशाला मी एकोणीस वर्षं बसलो. चार वर्षांनी आई गेली तेव्हा आम्ही दोघं आलो. वहिनी दारातच हिला म्हणाल्या, "आता आलात होय, आता जागा झाली." सगळ्यांनी ऐकलं. मी खाली बघत होतो. ही आत गेली, सगळ्यांची जेवणं होईपर्यंत भांडी घासत राहिली आणि परतीच्या वाटेवर मला म्हणाली, "वहिनींचं काही चुकलं नाही, त्यांना जे माहीत ते बोलल्या." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. इथे परत आलो, सकाळी ऊन पडलं, समुद्र निळा झाला, कामं होती. रोज थोडं विटत गेलं.

म्हणून मागच्या पत्रातला पाचवा दोष मी शहराच्या खाती टाकला, तो तिथून काढून माझ्या खाती घे. शहराचा दोष नाही तो. या शहराने मला उजेड दिला, धंदा दिला, खालच्या मजल्यावरच्या आजोबांसारखी माणसं दिली. मीच तो उजेड आईच्या डोळ्यांपेक्षा मोठा मानला. शहर चांगलं आहे, हे मला तुम्हाला दाखवायचं होतं. गाव सोडून मी चूक केली नाही, हे दाखवायचं होतं. गोधडी काढली ती त्यासाठी.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर आता लिहितो. शहर राहण्याजोगं आहे, फार सुंदर आहे. पण इथे ज्याच्या घरी राहायचं, त्याने आधी ऊन मोजलेलं असावं.

धाकटा


७ मार्च

दादा,

वरचं पत्र मी लिहिलं त्या दिवशी टाकलं नाही. पाच दिवस सदऱ्याच्या खिशात होतं, घामाने कडा मऊ झाल्या आहेत, तुला दिसेलच. त्या पाच दिवसांत मी काय केलं ते सांगतो.

पहिल्या दिवशी ते हिला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कशाला उकरताय? वहिनींना आता वाईट वाटेल, बिचाऱ्यांना." मी म्हटलं, "वाटू दे." मग ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "जेवणाच्या ओळीत 'भांडी घासत राहिली' लिहिलंय, ते खोडा. लोकांना वाटेल मी तुम्हाला सांगत बसले." मी खोडलं नाही. तिचं एवढं एक ऐकलं नाही.

नंतरचे तीन दिवस छत शिवलं. कापड गडद हिरवं घेतलं, आपल्या मागच्या रानासारखं. दुहेरी शिवण, दोऱ्याला मेण. अकरा रेघांच्या हिशेबाने समोरची झालर घेतली, चांगली हातभर लांब, खालचं ऊन अडेल अशी. रोज पहिला टाका घालताना जे नाव घेतो ते घेतलं, आणि त्याच्यानंतर आईचं घेतलं.

पाचव्या दिवशी बांधलं. मी शिडीवर, ही खाली. खालचे आजोबा गॅलरीत येऊन ओरडले, "अरे, चुकून स्वतःच्या घराला बांधतोयस!" मी म्हटलं, "चुकूनच राहिलं होतं, आजोबा."

ओढायची दोरी गिऱ्हाइकांच्या घरी मी बाहेरच्या बाजूला, भिंतीवर देतो. ही मी आत घेतली. खुर्चीच्या उजव्या हाताशी आणून सोडली, बसल्या जागेवरून हात लागेल अशी. ज्याला उजेड हवा त्याने वर करावं, ज्याला नको त्याने खाली ओढावं, दुसऱ्या कुणी ठरवू नये. बांधून झाल्यावर मी हिला म्हटलं, "बस आणि ओढून बघ." ती त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. आधी "नको, मला काम आहे" म्हणाली. मग बसली. दोरी ओढली, छत खाली आलं, खोलीत हिरवट सावली पडली. तिने वर केलं, पुन्हा समुद्र. पुन्हा खाली. पुन्हा वर. लहान मुलगी झोक्यावर बसल्यासारखी. मला म्हणाली, "चांगलं करता हो तुम्ही काम." तीस वर्षांत पहिल्यांदा.

ती खोली मुलीला दिली आहे. वसतिगृहात नाव नोंदवलेलं नाही. पण ते वहिनींनी ठरवायचं, मी नाही. हे वाचून झाल्यावर त्या हिला जे काय लिहितील ते हिच्या नावाने लिहू देत. माझ्या नावाने आलेलं पत्र मी उघडीन, तिच्या नावाने आलेलं ती उघडील. मला जे लिहायचं असेल ते तू लिही. कितीही कडक लिही.

सोडायला तू आलास तर खुर्चीची पाठ तेवढी बघ. रंग देऊन पूर्ववत होईल म्हणशील, तर मी देऊ देणार नाही.

आता हे चार शब्द पोस्टातच, त्यांच्या बाकावर बसून लिहितो आहे. मागचं पत्र आणि हे, दोन्ही एका पाकिटात घालणार. खिडकीवरच्या बाईंना मी आत्ताच विचारलं, "टाकलेलं पाकीट परत मिळतं का हो?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पेटी पाच वाजता उघडते, काका. तोवर समोर कठड्यावर बसा. मन बदललं तर आवाज द्या, काढून देईन. पुष्कळजण देतात आवाज."

तीन वाजलेत.

*

पुरवणीचं हे कार्ड वेगळं टाकतो आहे. पाकिटाच्या मागून एका दिवसाने येईल.

कठड्यावर बसलो होतो. ऊन समोरून, वरूनही आणि खालूनही. डोळे मिटले नाहीत. पावणेपाचला पिशवीवाला आला, पाचला त्याने पेटी उघडली, पिशवी भरली, गाडीत ठेवली. बाई खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या. मी हात वर केला नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, मग उठलो आणि घरी आलो.